मंदार सोसायटीचं नाक

आमच्या सुगूची सकाळची पहिली शिंक जिन्यात ऐकू जायची, त्याच सुमाराला मंदार सोसायटीतली कर्ती माणसं ऑफिसला निघालेली असायची. शिंक कानावर पडली की सगळे जिथल्या तिथे थांबत. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. मग मुकाट्याने माघारी फिरत, घरात जात, खुर्चीवर टेकत, घोटभर पाणी पीत आणि पुन्हा निघत. निघताना शिंक हा अपशकुन आणि पाणी हा त्याच्यावरचा उतारा. लागोपाठ दोन आल्या तर मात्र चालतं, जोडशिंक शुभ. पण चार वर्षांची पोर काही सम-विषम पाहून शिंकत नाही. सुगू बरोब्बर विषमावर थांबायची आणि सगळ्या मजल्यांवर पुन्हा पेले भरले जायचे.

एके दिवशी सेक्रेटरी चंद्रप्रकाश सामंत आमच्या दारात उभे राहिले. ते आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतात.

"वहिनी, तक्रार नाही हं. सूचना आहे. सुगंधाला आम्ही गेल्यावर शिंकायला सांगता येईल का?"

सुगंधा हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. ज्या मुलीचं नाक जन्मापासून चोंदलेलं, तिचं हे नाव. पण आमच्याकडे बारशाला कोणी नाक तपासून नाव ठेवत नाही.

"सांगून बघते," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागतं. शिंकांचं मला काही नव्हतं. मला झोप लागू देत नव्हती ती तिच्या छातीतली बारीक शिटी. ती झोपली की मी उशाशी बसून ऐकायची. आत कुणीतरी फार लांबून, फार हळू, शीळ घालतंय असं वाटायचं.

आमची इमारत मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी, दोनच वर्षांपूर्वी बांधलेली. पुढे हमरस्ता, त्याच्यापलीकडे कारखान्यांच्या चिमण्या. मागे स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून डोंगर. "मागे डोंगर, मग हवेचं काय विचारता!" असं बिल्डर म्हणाला होता आणि खरंच आम्ही काही विचारलं नाही.

औषधं सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. ओव्याची पुरचुंडी, वेखंड, निलगिरीचं तेल, नाकात गाईचं तूप. तळमजल्यावरच्या आयडा आंटी इथल्या मूळ गावठाणातल्या. त्या म्हणाल्या, "छातीला जरा ब्रँडी चोळ गो बाय, पोरगी गप झोपल." ब्रँडी चोळली. पोरगी झोपली नाही, पण आमचे हे, विद्याधर, बँकेतून आल्याआल्या माझ्या हातातल्या बाटलीकडे आणि माझ्याकडे फार विचित्र नजरेनं बघत राहिले. समोरच्या सोनूबाई, म्हणजे सामंतांच्या आई, दिवसभर दारात बसून तपकीर ओढत. त्यांनी एकदाच सुगूकडे निरखून पाहिलं आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"गो बाय, ह्या साधा शिंकणा नाय. चेडवाक कायतरी कळता."

मी हसले. पण हसू पुरतं उमटलं नाही, कारण ते मलाही माहीत होतं.

त्याचं असं झालं. थंडी पडायला लागली तशी सुगू पहाटे उठून बसायची. डोळे मिटलेले. नाक मागच्या खिडकीकडे. मग हळूच म्हणायची, "आई, ती आली."

"कोण ती?"

"ती. पेरूच्या वासाची."

मी दीर्घ श्वास घ्यायची. मला कसलाही वास यायचा नाही. पेरूचा नाही, कसलाच नाही. खिडकीबाहेर धुकं असायचं. डोंगराचा वरचा भाग दिसायचा आणि खालचा नसायचा, जणू डोंगर रात्रीत उचलून कुणी जरा वर टांगलाय. मग सुगू शिंकायला लागायची. आणि ऊन चढलं की खिडकीच्या कठड्यावर पिवळसर भुकटीचा पातळ थर असायचा. बोट फिरवलं की रेघ उठायची.

कारखाने पुढच्या बाजूला. मग वास मागून, डोंगरावरून का यावा? तिकडे झाडं, माकडं आणि कातकऱ्यांच्या दोन-चार झोपड्या, एवढंच. "पिकलेले पेरू असतील झाडावर," विद्याधर म्हणाले. त्यांना प्रत्येक गोष्टीत पिकलेलं काहीतरी दिसतं. तरी मला रोज पहाटे तिला विचारायची सवयच लागली. "आली का गं ती?" हे विचारताना माझा आवाज का खाली जायचा, कुणास ठाऊक.

घाटकोपरला नाक-कान-घशाचे एक नावाजलेले डॉक्टर होते. त्यांनी सुगूच्या पाठीवर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीनं टोचे मारले आणि ती पालथी पडून रडत असताना माझी उलटतपासणी घेतली. घरात मांजर आहे? सतरंजी? कापसाच्या गाद्या? उदबत्ती लावता? मी प्रत्येक प्रश्नाला गुन्हा कबूल केल्यासारखी मान हलवत गेले. शेवटी ते म्हणाले, "हवा बदला. वर्षभर कुठे कोरड्या जागी जाऊन राहा." जणू आमची कोरड्या जागी एखादी हवेली रिकामी पडली होती. मी औषध मागितलं. "देतो. पण रोज द्यावं लागेल, बरेच महिने. नाक शांत होईल, छातीपर्यंत काही जाणार नाही." मी चिठ्ठी पर्समध्ये जपून ठेवली. पण आधी हवेचं बघू, असं मला वाटलं. शिकलेल्या माणसाचा हाच दोष. त्याला मूळ कारण लागतं.

म्हणून वॉर्ड ऑफिसला गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी माझा अर्ज वरून खाली आणि खालून वर वाचला.

"वास येतो, असं तुमचं म्हणणं."

"माझ्या मुलीला येतो."

"अर्जदार कोण? तुम्ही की मुलगी?"

"मी."

"मग तुम्हाला यायला पाहिजे ना वास. किती वाजता येतो?"

"उजाडताना."

"मॅडम, इन्स्पेक्टर अकरानंतर निघतात. वासाला सांगा थोडं थांबायला."

इन्स्पेक्टर आले ते टळटळीत दुपारी. गच्चीवर जाऊन त्यांनी छाती भरून श्वास घेतला, डोंगर बघितला, कॉफी घेतली, दोन चकल्या घेतल्या, आणि "तुम्ही भाग्यवान, आम्ही कुर्ल्याला काय हुंगतो ते आम्हालाच माहीत" असं म्हणून गेले. महिन्यानं कागद आला. हवा समाधानकारक आहे, अर्जदाराने स्वतःचे नाक तपासून घ्यावे. मी तो कागद विद्याधरना दाखवला नाही. त्यांना तो सापडला.

या सगळ्याला कलाटणी मिळाली ती डिसेंबर संपताना. भोपाळला गॅसगळती होऊन महिनाही झाला नव्हता. लोक गॅस हा शब्द दबक्या आवाजात उच्चारत होते आणि नुसती शेगडी लावतानाही बायका आधी सगळ्या खिडक्या उघडत होत्या. त्या सकाळी सुगू शिंकली, सामंत थांबले, घरात गेले, पाणी प्यायले, निघाले. सुगू शिंकली. पुन्हा पाणी. असं इतक्या वेळा झालं की पाण्यानंच त्यांचं पोट भरलं आणि ते वैतागून बूट काढून बसले. तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या लोकांचे डोळे एकाएकी चुरचुरायला लागले होते. बायका पदर तोंडाशी धरून खोकत होत्या, दोघांना तिथेच उलट्या झाल्या. धुरकट, पिवळं काहीतरी डोंगराकडून घरंगळत आलं, रस्त्यावर थोडं रेंगाळलं आणि ऊन पडताच विरून गेलं. सामंत रोज त्याच थांब्यावर उभे राहत.

संध्याकाळी ते पेढे घेऊन आले. "वहिनी, मी मागे जी सूचना केली होती, ती मागे घेतो."

त्या दिवसापासून मंदार सोसायटीत घड्याळं आणि रेडिओ दुय्यम ठरले. सकाळी आमच्या दाराबाहेर माणसं चपला घालून, डबे घेऊन, कान देऊन उभी राहायची. "झाली का?" "नाही अजून." "मग निघू या?" "थांब यार, पोरगी उठली तरी आहे का बघ." कपडे गच्चीवर वाळत घालायचे की नाही, हेही सुगूवर ठरायला लागलं. दुधाची पिशवी उचलायला मी दार उघडलं की दहा डोळे माझ्या मागे, आतल्या खोलीकडे बघत. मला माझ्याच घरात चोरट्यासारखं वावरावं लागायचं.

सोनूबाईंना मात्र वेगळीच काळजी लागली. एवढ्या लोकांचं लक्ष पोरीवर, म्हणजे दृष्ट लागणारच. एका शनिवारी त्यांनी मीठ-मोहऱ्या आणि मूठभर लाल मिरच्या सुगूवरून उतरवल्या, तिला आतल्या खोलीत पाठवलं आणि आमच्या दारापुढच्या चौकात निखाऱ्यावर टाकल्या. बघायला चारही मजल्यांच्या बायका. नियम सगळ्यांना माहीत. मिरच्या जळून ठसका लागला तर काही नाही. नाही लागला तर दृष्ट खरी.

मिरच्या तडतडल्या. काळ्या पडल्या. धूर उठला आणि बायकांच्या चेहऱ्यांवरून सावकाश फिरला. कुणी खोकलं नाही. कुणी डोळे पुसले नाहीत. इतक्या बायका त्या धुरात गप्प उभ्या, एकमेकींकडे बघत.

"बगलंस?" सोनूबाई कुजबुजल्या. "ठसको नाय कोणाक."

मी पुढे झाले. निखाऱ्यावर वाकले, डोळे मिटले आणि जळत्या मिरच्यांचा धूर नाकानं ओढून घेतला. काही नाही. कोमट. कापसातून श्वास घेतल्यासारखा. आणि आतल्या बंद खोलीतून सुगूची शिंक आली. एक, दोन, तीन.

दृष्ट कसली? आमची नाकं मेली होती. सगळ्यांची. दोन वर्षं रोज पहाटे जे काही डोंगरावरून उतरत होतं, त्यानं एकेका घरात शिरून एकेक नाक विझवलं होतं आणि कुणाला कळलंही नव्हतं. वॉर्ड ऑफिसचं पत्र बरोबर होतं. या इमारतीत जिवंत नाक एकच उरलं होतं, आणि ते मी बरं करायला निघाले होते.

पण त्या रात्री सुगूच्या छातीतली शीळ इतकी जवळ आली की मी पर्स उघडून चिठ्ठी काढली. नाक सगळ्यांचं असेल, छाती माझ्या लेकीची होती. दुसऱ्याच दिवशी औषध आणलं.

बातमी केमिस्टच्या दुकानातून माझ्याआधी घरी पोचली. रविवारी सोसायटीची तातडीची सभा भरली. विषय एकच. सामंतांनी ठराव वाचला. "ब्लॉक नंबर नऊमधील कु. सुगंधा हिचे औषध थंडी संपेपर्यंत तहकूब ठेवण्यात यावे, अशी ही सभा नम्र विनंती करते."

"तुमच्या मुलांना पाजू का मग थंडी संपेपर्यंत तो धूर?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"हो. आई भरातच बोलते."

विद्याधर माझा पदर ओढत होते. ठराव एका मताच्या फरकानं पास झाला, माझं मत विरुद्ध म्हणून नोंदलं आणि विद्याधर तटस्थ. त्यावर आमच्याकडे दोन दिवस फक्त पिठलं शिजलं.

औषध सुरू झालं. आठवड्याभरात शिंका विरळ झाल्या, मग थांबल्या. शीळही थांबली. सुगू पहाटे गाढ झोपायची. मी मात्र जागी असायची. तिच्या नाकाची जागा आता कुणीतरी घ्यायला हवी होती. मी मागच्या खिडकीत उदबत्ती लावून बसायला लागले. रोज पहाटे धूर बाहेर, डोंगराकडे शांतपणे वाकायचा. हवा डोंगराकडे चाललीय. एखाद्या पहाटे मात्र अचानक थांबायचा. दोऱ्यासारखा सरळ उभा. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून धरलाय असा. आणि मग हळूच माझ्याकडे, घरात वळायचा. मला उमगलं होतं. संध्याकाळी चिमण्यांचा धूर आमच्या डोक्यावरून डोंगराला जाऊन टेकायचा, रात्रभर तिथे दबा धरून बसायचा आणि थंडीनं जड झाला की पहाटे परत यायचा. ज्यांच्याकडून निघाला त्यांच्याकडे नाही. आमच्याकडे.

पहिल्यांदा उदबत्ती घरात वळली आणि खिडकीखालून धूर वर आला तेव्हा मी जिन्यात धावत जाऊन "गॅस! गॅस!" असं ओरडले. अख्खी इमारत गच्चीवर. सामंत टॉवेलवर, अर्ध्या गालाला साबण. सोनूबाईंना खुर्चीसकट उचललेलं. आणि तळमजल्यावरून आयडा आंटी हात पुसत वर आल्या. "काय झाला गो? पानी तापवते मी. बंबात सोडनं जरा ओली होती." नारळाच्या ओल्या सोडणांचा धूर. सामंत साबण वाळलेला गाल घेऊन माझ्याकडे नुसते बघत राहिले. तेवढं पुरे होतं.

म्हणूनच त्या दुसऱ्या सकाळी उदबत्तीचा धूर सरळ उभा राहिला तेव्हा मी ओरडले नाही. आधी खाली वाकून पाहिलं. आयडा आंटी वसईला लग्नाला गेल्या होत्या, बंब थंड. डोंगराकडे पाहिलं. पायथ्याची झाडं नव्हती. त्यांच्या जागी सपाट, पिवळट काहीतरी बसलं होतं आणि ते हलत होतं. कावळे गप्प. शिंक ऐकू आली नव्हती, म्हणून जिन्यात पावलं वाजायला लागली होती. शाळेची पोरं, डबे, चपला.

मी दार उघडलं. "सामंत भाऊजी, थांबा! आज बाहेर नका पडू. ते येतंय."

"बंब असेल वहिनी," न वळता सामंत म्हणाले आणि उतरायला लागले. त्यांच्या मागे सगळे.

सोनूबाई दारात बसल्या होत्या, हातात तपकिरीची डबी. मी ती हिसकावली, चांगली चिमूटभर घेतली आणि मेलेल्या नाकात खोलवर ओढली. काही नाही. दुसरी चिमूट. डोळ्यांपुढे काजवे चमकले, कपाळाच्या आत कुठेतरी गंजलेला दरवाजा करकरला, आणि जी शिंक आली ती माझी वाटली नाही. कठडा हादरला.

"थांब रे चंदू!" सोनूबाई किंचाळल्या. "शिंक इली!"

जिना थिजला. एक पाय वर, एक खाली.

मला दुसरी आली.

"जोडशिंक," खालून कुणीतरी म्हटलं. "चला, चला." पावलं पुन्हा सुरू.

तिसरी. पावलं थांबली. चौथी. निघाली. मी कठडा धरून वाकलेली, डोळ्यांतून पाणी, आणि माझ्या प्रत्येक शिंकेबरोबर मंदार सोसायटी एक पायरी उतरते, एक थांबते, बाहुल्यांच्या खेळासारखी. मनात एकच, विषमावर थांब, देवा, विषमावर. पुढची विषम शिंक झाल्याबरोबर मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, दोन्ही हातांनी नाक दाबलं आणि जिन्यातच बसकण मारली.

पुढची शिंक आली नाही.

"चला मागे," सामंत म्हणाले. "पाणी प्या."

पोरांसकट सगळे माघारी वळले. ते घराघरांतून पेले भरत असताना ते आलं. आधी उजेड बदलला. भिंती, भांडी, माणसांचे चेहरे, सगळं हळदीच्या पाण्यातून बघावं तसं. खिडक्या धडाधड लागल्या. काचेबाहेरून ते सावकाश गेलं, खालच्या मजल्यापासून वर चाचपत, प्रत्येक खिडकीशी जरा थांबत. फाटकाशी झोपलेला कुत्रा मागे न बघता पळत सुटला. मग ऊन आलं आणि बाहेर नुसती सकाळ उरली. कठड्यांवर मात्र भुकटीचा जाड थर होता, या वेळी सगळ्यांना दिसणारा.

आभार कुणी मानले नाहीत. तशी पद्धत नाही. पुढच्या रविवारी मागचा ठराव दुरुस्त झाला. "कु. सुगंधा" ऐवजी "तिच्या मातोश्री" असे वाचावे. विद्याधरनी या खेपेला बाजूनं मत दिलं. वॉर्ड ऑफिसला सगळ्यांच्या सहीचा अर्ज गेला. उत्तर आलं, इन्स्पेक्टर अकरानंतर येतील.

मी सोनूबाईंची डबी परत केली. आता तुला हिची गरज नाही, असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला कळलं नाही.

दुसऱ्या पहाटे मी शिंकेनं जागी झाले. माझ्याच. उदबत्ती लावायची होती अजून. खोलीत गोड, कुजका, जड वास भरला होता. पेरूचा. मी उठून बसले होते, डोळे मिटलेले, नाक मागच्या खिडकीकडे.

शेजारी सुगू हलली. तिचा आवाज पहिल्यांदाच मोकळा, स्वच्छ होता.

"आई, आली का गं ती?"

मी मान हलवली.

"मला नाही येत आता वास," ती म्हणाली. मग कूस बदलून, माझी मांडी थोपटत, मी तिला थोपटायची तशी, पुन्हा झोपी गेली.

बाहेर जिन्यात पावलं थांबली होती. मी दुसरी शिंक नाकातच दाबून धरली.